दोन झाडांवरचा हक्क

मृण्मयी,

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, दर जूनला साताऱ्याच्या कॉलेजला पैसे का पाठवतोस? पदवी मिळाली, विषय संपला ना?" तेव्हा बसमध्ये होतो, उत्तर देता आलं नाही. आता देतो.

तुझ्या कॉलेजातून माजी विद्यार्थी निधीसाठी फोन आला, आणि "आमची सगळी फी भरून झालीय" म्हणून तू तो ठेवून दिलास. बरं केलंस. आठ सेमिस्टर मोजून पैसे घेतले, चार दिवस उशीर झाला तर दंड लावला, एकदा तर हॉलतिकीट अडवून ठेवलं. त्यापायी तुझ्या बाबांनी काढलेलं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. तिथला व्यवहार चोख झाला, मग आता वर्गणी कसली?

माझा व्यवहार चोख झालाच नाही. १९७९ साली माण तालुक्यातून पत्र्याची पेटी घेऊन मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात आलो. फीला ई.बी.सी.ची (आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची) सवलत होती आणि जेवणाखाण्याला 'कमवा आणि शिका' योजना. पहाटे खोरं-टिकाव घेऊन निघायचं, झाडांना आळी करायची, घमेल्यांनी माती वाहायची, मग हातपाय धुऊन नऊच्या तासाला बसायचं. पहिल्या आठवड्यात हाताला असे फोड आले की पेन धरवेना. गावाकडे हेच काम केलं होतं, पण तिथं ते केल्यावर कुणी रसायनशास्त्र शिकवत नव्हतं! अजिंक्यताऱ्यावरून पाऊस उतरला की आमची आळी वाहून जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. मुकादम हसायचा. आम्ही त्याला मनात शिव्या घालायचो, कधी कधी मोठ्यानेही.

हे कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलं. त्याआधी, १९१९ मध्ये, कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली होती. पुढे वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा ऐकवली गेली की मागच्या बाकावरची पोरं ती तोंडपाठ म्हणून दाखवायची. अशा गोष्टीने पोरं बांधली जातात, हे संस्थेलाही चांगलं ठाऊक असतं. त्यात थोडा हिशेबीपणा आहे, मी नाकारत नाही. पण मेसमध्ये भाकरी मोडताना ती गोष्ट मनात यायची. मंगळसूत्राची परतफेड कुणी, कशी करायची, सांग बरं?

बॅरिस्टर पी. जी. पाटील याच संस्थेच्या वसतिगृहात वाढले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन आमच्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. मुंबईत वकिली केली असती तर बंगला झाला असता. मी तेवढा मोठा नाही. दोन हजार रुपये पाठवतो, ८० जी ची पावती येते, ती मी करासाठी वापरतो. इतका साधू मी नाही.

देणाऱ्यांतही तऱ्हा असतात. आमच्या मेळाव्यात काही जण फेटे बांधून येतात, नातवाच्या अमेरिकेतल्या पगाराचा आकडा सांगतात आणि पंख्यावर आपलं नाव रंगवायला लावतात. साताऱ्यात एक आठवण सांगतात. कॉलेजचं शिवाजी महाराजांचं नाव बदललं तर मोठी देणगी मिळेल, असं कुणीसं भाऊरावांना सुचवलं. भाऊरावांनी ते पैसे नाकारले. पंखेवाल्यांना ही आठवण कुणी सांगत नाही.

आणि तुलाही कॉलेजचं काहीच वाटत नाही, असं म्हणू नकोस. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी रात्री साडेअकरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवून बाहेर स्टुलावर डुलक्या काढणारे ते शिपाईकाका! त्यांच्या मुलीला पुस्तकं गेली दोन वर्षं तू घेऊन देतेस, हे मला तुझ्या आईनं सांगितलं. त्या रात्रींची पावती तुझ्याकडून कुणी घेतली नव्हती.

जूनमध्ये ये साताऱ्याला. कंदी पेढे माझ्याकडून. आवारात आम्ही लावलेली झाडं आता दुमजली झालीत. त्यातलं माझं नेमकं कुठलं, ते आठवत नाही, म्हणून मी दोन झाडांवर हक्क सांगतो. दोन्ही दाखवीन.

तुझा,
मामा