चाळीसगाव स्टेशनचा टांगा

भीमजयंतीच्या भाषणांत चाळीसगावचा प्रसंग दोन वाक्यांत उरकतात. बाबासाहेब टांग्यातून पडले, पाय मोडला, तो जातीयवाद्यांचा घातपात होता. एवढे सांगून वक्ता पुढे महाडला निघून जातो. मी चाळीसगावचा. स्टेशनबाहेरच्या स्टँडवर माझ्या मामांची रिक्षा तीस वर्षे उभी राहिली. त्यामुळे असल्या दोन वाक्यांवर माझे भागत नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे आणि त्यात त्यांनी घातपाताचा आरोप केलेला नाही. त्यांनी जे सांगितले ते सवर्णांना अडचणीचे आहेच, आपल्यालाही आहे.

साल 1929. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे व एका सहकाऱ्याकडे होते. काम संपवून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. चाळीसगावच्या महारवाड्यातली माणसे स्टेशनवर येऊन एक रात्र मुक्काम करा म्हणाली. ते कबूल झाले. धुळ्याच्या गाडीने त्या गावी जाऊन, परिस्थिती समजून घेऊन पुढच्या गाडीने ते चाळीसगावला परत आले. हार पडले. आणि मग तासभर कोणी हलेनाच. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे भरपूर होते. महारवाडा दोन मैलांवर, नदीपलीकडे. पायी जाता येईल एवढाच लांब.

शेवटी एक टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. नदीवरच्या फरशी पुलाला कठडे नव्हते, नुसते ठरावीक अंतरावर दगड रोवलेले होते. तिथल्या काटकोनी वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आपटले. बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. बेशुद्ध अवस्थेत लोकांनी त्यांना उचलून वस्तीत नेले.

नंतर त्यांनी चौकशी केली. चौकशी करायलाच तर ते खानदेशात आले होते! कळले ते असे, की अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. उलट आपला साहेब पायी चालत येणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटत होते. म्हणून तडजोड निघाली. टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा तुम्ही शोधा. आपल्यापैकी एकाने लगाम हातात घेतला. तो त्याचा धंदा नव्हता, टांगा हाकणे त्याला येत नव्हते.

मला या हकिकतीत मोडलेल्या पायापेक्षा ती तडजोड जास्त छळते. कारण ती पहिली नव्हती. 1901 मध्ये लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला, तेव्हाही बैलगाडीवाले तयार नव्हते. मग दुप्पट भाडे ठरले आणि वर अट अशी, की गाडी पोरांनी हाकायची, मालक बाजूने पायी चालणार. मधल्या 28 वर्षांत तो मुलगा कोलंबिया आणि लंडनला शिकून बॅरिस्टर झाला, कायदे कौन्सिलात बसला, सरकारी समितीवर आला. स्टेशनच्या दाराबाहेरची अट मात्र तीच राहिली. पैसे घेऊ, वाहन देऊ, तुमच्याजवळ बसणार नाही.

1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्सने लिहिले होते, की रेल्वेमुळे येणारे आधुनिक उद्योग जातीला आधार देणारी पिढीजात श्रमविभागणी मोडून काढतील. बिचाऱ्याने चाळीसगाव स्टेशन पाहिले नव्हते. तिकीट खिडकी जात विचारत नव्हती, धुळ्याची गाडी सगळ्यांना घेऊन जात होती, हे खरेच. पण त्याच रेल्वेच्या फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते, आणि फलाट संपला की दोनशे पावलांत गाव सुरू होत होते. 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विच्छेदन'मध्ये बाबासाहेबांनी श्रमिकांच्या विभागणीचा मुद्दा मांडला, तो समजावून सांगायला मला हा टांगा पुरतो. लगाम कोणाच्या हातात शोभतो हे आधीच ठरलेले होते, म्हणून गरज पडली तेव्हा आपल्या एकाही हाताला लगाम येत नव्हता. आपल्या माणसाच्या अंगात अक्कल नव्हती असे नाही, त्याला टांग्यावर बसून शिकू कोणी दिले होते?

मामांना रिक्षा एका मुसलमान दोस्ताने शिकवली. दुपारी धुळ्याची गाडी यायच्या आधी स्टँड रिकामा असे, तेवढ्या वेळात. मग लायसन्स, बिल्ला, परमिट. आज त्या स्टँडवर आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे आहेत आणि सामान उचलताना बाया त्यांना 'भाऊ' म्हणतात. रिक्षा चालू झाली की मात्र मागून हळूच येतेच, "आडनाव काय शे भाऊ?" मामा प्रत्येकाला आपले आडनाव ठणकावून सांगत. उतरून गेलेले गिऱ्हाईक त्यांनी कधी थांबवले नाही.

आणि तडजोडही अजून आहे. मी धुळ्याला शिकायला होतो तेव्हा एका घरमालकाने खोली दिली ती अशी, की भाडे आगाऊ द्यायचे आणि पाणी अंगणातल्या नळाचे भरायचे, घरातल्या माठाला हात लावायचा नाही. मित्र म्हणाले, खोली मिळाली ना, घेऊन टाक. टांगा मिळाला ना, बसा साहेब! मी तिथे राहिलो नाही. पण मित्रांचा राग आला नाही, कारण त्यांना माझी सोयच बघायची होती. चाळीसगावच्या लोकांनाही साहेबांचा मानच राखायचा होता.

इथे बाबासाहेब आपल्यावर कठोर होतात आणि भाषणांत नेमके तेच गाळले जाते. आपल्या माणसांनी आपला मान राखायला आपलाच जीव धोक्यात घातला, असे त्यांनी लिहिले. शिव्या न देता लिहिले, पण लिहिले. आज नेता येणार म्हटले की आधी गाड्यांचा ताफा, कमान आणि डीजे ठरतो. वस्तीतल्या गटाराचे निवेदन कोण लिहिणार, हे शेवटी. दोन मैल चालत गेल्याने बाबासाहेबांचा मान कमी झाला नसता, वस्ती त्यांच्यामागे चालली असती.

चाळीसगाव स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. प्रेयसीची वाट पाहत ते रोज रात्री पंजाब मेलकडे डोळे लावून बसत, ही दंतकथा गावात ज्याला विचारले त्याने मला रंगवून सांगितली. टांग्याची गोष्ट विचारली की आपली दोन-चार माणसे सोडून बाकी गप्प. तिकडे धुळ्यात लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी 31 जुलैला हजारो लोक जमतात, कारण 1937 मध्ये बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा तिथे थांबले होते. स्वागताची जागा आपण जपली, अपमानाची जपली नाही.

2029 मध्ये या घटनेला शंभर वर्षे होतील. आतापासून ठरवावे असे दोनच विषय माझ्याकडे आहेत. एक, त्या दिवशी स्टेशनपासून नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत सगळ्यांनी पायी जायचे, नेत्यांनीही. रथ नाही, उघडी जीप नाही. दोन, मिरवणुकीच्या वर्गणीतून वस्तीतल्या पोरापोरींच्या ड्रायव्हिंग लायसन्सची फी भरायची, शिकवायला मामा अजून आहेत. पहिल्या यादीत सात नावे आली आहेत, त्यांत तीन मुलींची.