साध्या चिमट्याची सायकल

सायकलला शॉकअप नाही म्हणून मला डोंगरातल्या शर्यतीतून उठवून डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीत बसवलं, ही हकिकत मी इतक्यांना ऐकवली आहे की आता पाहुण्यांसमोर विषय निघाला की नवरा उठून चहा टाकायला जातो. चहा उकळून, गाळून, कप विसळून झाले तरी माझं चाललेलंच असतं.

सायकल साधीच. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, 26 इंची चाकं, डिस्क ब्रेक. साताऱ्यात तेव्हा जी मिळाली ती घेतली. तिच्या मूळच्या शॉकअपबद्दल मात्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते. स्प्रिंग दाबली की ऊर्जा साठवते आणि सोडली की ती परत करते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. ती परत आलेली ऊर्जा कुणीतरी जिरवावी लागते. मोटारसायकलच्या चिमट्यात तेल असतं ते याचसाठी. स्वस्तातल्या सायकलींच्या शॉकअपमध्ये बहुधा एक स्प्रिंग, एक रबराचा दांडका आणि वर एक फिरवायचं बटण एवढंच असतं. खड्ड्यात तो दबतो आणि खड्ड्यातून बाहेर पडताना हँडल वर फेकतो. यवतेश्वरच्या घाटात उभं राहून पायडल मारलं की निम्मा जोर पुढच्या नळ्या दाबण्यात जायचा. साताऱ्याच्या पावसाने त्याची सीलं गेली, पाणी आत शिरलं, नळ्या गंजल्या आणि एक दिवस तो अर्धवट दबलेल्या अवस्थेत अडकून बसला.

“ताई, ह्याची सर्व्हिस होत नाही. नवीन टाकायचा,” मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, साधा चिमटा टाका. ते हसले. लोक साध्याला शॉकअप बसवून घेतात, तुम्ही उलटं कशाला करता? तरी त्यांनी गोडाऊनमधून एक साधा चिमटा काढून बसवला. सायकल पुढून अशी खाली बसली की बघणाऱ्याला वाटावं ती नमस्कार करतेय. कारण सोपं होतं. चाकाच्या आसापासून चिमट्याच्या वरच्या बैठकीपर्यंतची लांबी माझ्या शॉकअपची 450 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या जुन्या धाटणीच्या चिमट्याची जेमतेम 400. पुढचं टोक 20 मिलिमीटर खाली गेलं की हँडलच्या नळीचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो. 50 मिलिमीटरने सायकल उतारावर नुसती बिथरते. हे ज्यांना करायचंय त्यांनी आधी टेप लावून ही लांबी मोजावी, मग दुकानात जावं. शॉकअपच्या फ्रेमसाठी मुद्दाम लांब केलेले साधे चिमटे मिळतात. मी पुण्याहून क्रोमोलीचा मागवला. किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही ठेवून बघितले. जुना अडीच किलो, नवा किलोच्या थोडासा वर.

मग मी चाळकेवाडीला जायला लागले. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथे चाक घालायचा प्रश्नच नाही. पण बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर करत वर गेलं की पवनचक्क्यांचं पठार लागतं, आणि चक्क्यांपर्यंत जाणारे खडीचे, मुरमाचे रस्ते सगळीकडे फुटलेले दिसतात. खाली जांभ्याचा कातळ, त्याच्यावर सुटे दगड. साध्या चिमट्याला तिथे काहीच लपवता येत नाही. चाकाखाली काय आहे ते थेट तळहाताला कळतं. म्हणून आधी डोळे कामाला लागतात, दगड कुठे चुकवायचा, कुठे पुढचं चाक किंचित उचलायचं. टायर रुंद, सव्वादोन इंची घ्यायचे आणि हवा कमी ठेवायची. दुकानात सगळ्यांना पन्नास पीएसआय ठोकून देतात. माझ्या वजनाला तीस पुरते. त्याहून खाली गेलं तर दगड आणि रिंग यांच्यात ट्यूब चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. खरा शॉकअप टायरमध्ये आणि कोपरात असतो. लोक विचारतात, हात दुखत नाहीत का? नाही दुखत. कोपर सैल ठेवा, वजन पायडलवर ठेवा, हँडल आवळू नका.

आता शर्यत.

आमच्याच जिल्ह्यात होती. नाव देत नाही, संयोजक गावातच भेटतात. गट दोन. एमटीबीचा मार्ग टेकडीवरून, शेताच्या बांधावरून आणि ओढ्यातून होता. हायब्रिडचा डांबरी, सरळ, तीस किलोमीटर. मी एमटीबीचे पैसे भरले होते. महिलांसाठी वेगळा गट नव्हता, त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. पहाटे अंधारात नंबर वाटपाच्या टेबलाशी एक तरुण स्वयंसेवक बसला होता, त्याच्यासमोर छापील कागद. तो उठला, माझ्या हँडलवर दोन्ही तळहात ठेवले आणि जोरात दाबलं. मग परत दाबलं.

“मॅडम, दबत नाही.”

“दबणारच नाही. साधा चिमटा आहे.”

“मग ही एमटीबी नाही. हायब्रिडमध्ये जा.”

मी टायर दाखवले. गिअर दाखवले. त्याने कागद दाखवला. त्यावर खरंच लिहिलं होतं, ‘एमटीबी गट: फ्रंट सस्पेन्शन आवश्यक’. जाहिरातीत हे नव्हतं, पैसे भरायच्या पानावर नव्हतं. फक्त त्या कागदावर होतं, आणि तो कागद फक्त त्याच्याकडे होता.

खरा संताप पुढे आहे. माझ्या मागच्या मुलाची सायकल पुढे आली. शॉकअपच्या नळ्या तांबूस, गंजाचे पापुद्रे सुटलेले. माझा जुना होता तसाच, कदाचित त्याच कारखान्यातला. स्वयंसेवकाने दाबला, हलला नाही. मग तो त्याच्यावर अंगाचा सगळा भार टाकून ओणवा झाला. गंजकं दार उघडल्यासारखा आवाज आला आणि शॉकअप बोटभर खाली गेला. वर काही आला नाही.

“ओके,” तो म्हणाला आणि नंबर दिला.

त्या मुलाच्या मागच्या ब्रेकची केबल मला तिथूनच उसवलेली दिसत होती. ती कुणी तपासली नाही.

मग संयोजक आले. मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, पण शिकवणाऱ्या माणसाला शांतपणे बोललं तरी तास घेतल्यासारखं बोलायची सवय असते. मी त्यांना सांगितलं की कॅलिफोर्नियात मरिन काउंटीमध्ये 1976 साली रीपॅक नावाच्या उताराच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा पोरं महायुद्धाआधीच्या बोजड जुन्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्याने खाली सुटायची. पायडल उलटं मारून लागणारा तो ब्रेक एवढा तापायचा की मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि एक फेरी झाली की नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यांच्यातल्या एकाही सायकलला शॉकअप नव्हता. जो ब्रीझने 1977 साली खास डोंगरासाठी पहिली फ्रेम बनवली, तिला साधा चिमटा. 1981 साली बाजारात आलेल्या स्टम्पजम्परलाही साधाच. रॉकशॉक्सचा शॉकअप आला 1989 च्या सुमारास, तोही सुमारे दोन इंच दबणारा. पुढच्या वर्षी दुरँगोला अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिथे ग्रेग हरबोल्डने तो लावून उताराची शर्यत जिंकली आणि मग सगळ्यांना तो हवासा झाला. म्हणजे तोवर डोंगरात सायकल चालवली ती माणसं हायब्रिडवाली होती का?

संयोजकांनी ऐकून घेतलं. खरंच ऐकलं, मान हलवत. मग म्हणाले, “मॅडम, हे तुमच्या सेफ्टीसाठीच आहे.”

हे वाक्य मला अजून जिरलेलं नाही. वयाने माझ्यापेक्षा ते लहान असतील. “नियम आहे, माझा नाइलाज आहे,” एवढं म्हणाले असते तर मी नंबर घेऊन गप्प निघाले असते. नियम मूर्ख असतात, आमच्या संस्थेत तर कपाटं भरून आहेत. पण सुरक्षितता? तेल नसलेली गंजकी स्प्रिंग सुरक्षित, आणि ज्याच्यात हलणारा एकही भाग नाही तो एकसंध पोलादी चिमटा धोकादायक? मी बाई नसते तर हेच वाक्य आलं असतं का, हा विचार मी करत नाही असं लोकांना सांगते. करते.

मी हायब्रिडमध्ये धावले. रुंद, गोटीदार टायर डांबरावर घरघरत होते आणि पातळ टायरवाली कॉलेजची पोरं गप्पा मारत मला मागे टाकत होती. कितवी आले ते लिहिण्यासारखं नाही. तो गंजक्या शॉकअपवाला मुलगा एमटीबीत तिसरा आला. त्याच्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, चांगलाच चालवत असणार. नंतर मी संयोजकांना सविस्तर मेल लिहिला. ‘सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं.

या सगळ्यात दोष एकट्या स्वयंसेवकाचा नाही. आपल्याकडे शॉकअप म्हणजे भारी सायकल हे समीकरण दुकानातच तयार होतं. सहावी-सातवीतल्या मुलांना डबल शॉकअपच्या सायकली विकतात. दहा-बारा हजारांत पुढे एक, मध्ये एक, अशा दोन स्प्रिंगा येतात, तेव्हा पैसे कशातून वाचवलेले असतात? ब्रेकमधून, चाकांमधून, बेअरिंगमधून. पोरगं चढावर उतरून ती ओझ्याची गाडी ढकलत नेतं आणि आईबाप म्हणतात, ह्याला स्टॅमिनाच नाही. मुलांसाठी घेत असाल तर कृपा करून बिनशॉकअपची, हलकी घ्या, उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि हातमोजे येतील.

आता जे मी पाहुण्यांना सांगत नाही ते. पुण्याच्या एका मैत्रिणीने चाळकेवाडीला तिची सायकल मला चालवायला दिली. पुढे हवेचा शॉकअप, 100 मिलिमीटर दबणारा, आत तेल, परत येण्याचा वेग कमीजास्त करायचं लाल बटण. पवनचक्कीकडून खाली येणारा एक दगडगोट्यांचा उतार आहे, तो मी नेहमी सायकल हातात धरून उतरते. त्या सायकलवर मी तो बसून उतरले, ब्रेक जवळजवळ न लावता. पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं, उडालं नाही, फेकलं नाही. खाली येऊन मी तिला सायकल परत दिली आणि छान आहे म्हटलं. घरी येईपर्यंत फार काही बोलले नाही. त्या शॉकअपची किंमत माझ्या अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त आहे. माझ्या साध्या चिमट्याच्या तत्त्वज्ञानात तत्त्व किती आणि किंमत किती, याचा हिशोब मी अजून मांडलेला नाही.

आणि हात दुखत नाहीत असं वर लिहिलं आहे. दुखत नाहीत, बधिर होतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली जाते त्यामुळे, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाड मुठी लावल्या, हँडल थोडं वर घेतलं, फरक पडला. पूर्ण गेलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या कुणी विचारलं तर मी साधा चिमटा घ्या असं छातीठोकपणे सांगणार नाही. स्वतः मात्र बदलणार नाही, निदान हा टिकतोय तोवर. तो न टिकायला त्याच्यात काही नाहीच.

यंदाच्या शर्यतीची जाहिरात आली आहे. भावाने सुचवलंय, माळ्यावरचा जुना शॉकअप तपासणीपुरता लाव, दबून दाखव आणि जा. त्या कागदाप्रमाणे ते बसेलही. मी करणार नाही. संयोजकांना विनंती एवढीच आहे. एमटीबीचा नियम करायचाच असेल तर टायरच्या रुंदीचा करा, हेल्मेटचा करा, दोन्ही ब्रेक लागतात की नाही ते प्रत्येकाचं तपासा. आणि जो काही नियम असेल तो पैसे घेण्याआधी जाहिरातीत छापा.