कारणाचा रकाना

माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या सचिवांची सही आहे. ते माझ्या हाती पडलं ते मात्र शाळेच्या फाटकावर बसणाऱ्या शिपाईमामांमुळे. हे मी अनेकदा बोलून दाखवलं, पण लिहून कधी ठेवलं नाही. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली, माझीही निवृत्ती आता जवळ आली. म्हणून हे लिहिते आहे.

मी 1987 साली दहावीला होते. शाळा तालुक्याच्या गावातली, नावाजलेली. आमच्या खेड्यातून तिथे जायला सकाळच्या दोनच एसट्या. पहिली मुक्कामाची गाडी, ती सहाला सुटायची. त्या गाडीने गेलं तर शाळेची घंटा होईपर्यंत स्टँडवर चार तास बसून राहायचं, आणि पोरींना तसं बसू द्यायला कुणाच्याही घरचे तयार नव्हते. दुसरी पावणेदहाची. वेळेवर निघाली तर साडेदहाच्या पुढे-मागे पोचवायची, पण दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की रस्ताभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. मग सव्वाअकराही वाजायचे. शाळा अकराची, प्रार्थना पाच मिनिटं आधी.

प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद, हा नियम. उशिरा येणाऱ्याने पहिला तास संपेपर्यंत मैदानात उभं राहायचं. हजेरी पहिल्या तासालाच व्हायची, त्यामुळे बाहेर उभं राहिलेल्याची त्या सत्राची गैरहजेरी लागायची. म्हणजे आम्ही शाळेच्या आवारात, वर्गाच्या खिडकीतून दिसतील अशा उभ्या, आणि हजेरीपटावर मात्र शाळेत नाही. शिस्तीचं मला वावडं नाही. आज मी स्वतः शिक्षिका आहे आणि वेळ पाळायला लावते. पण आमच्या शाळेत हे फाटक काहींसाठीच बंद व्हायचं.

ऑफिसच्या बाजूला दुसरं, लहान दार होतं. शिक्षकांच्या स्कूटरी तिथून आत यायच्या. क्रिकेट संघाचा कप्तान, स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या दोघी-तिघी, संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा मुलगा, आणि गुणवत्ता यादीत येईल म्हणून ज्याच्यावर सगळ्या शाळेचे डोळे होते तो मुलगा, ही मंडळी उशीर झाला की त्या दाराने यायची. त्यांना कुणी अडवत नसे. दोन वेण्या आणि काळ्या रिबिनी हा नियमही तसाच. आमची रिबीन विसरली तर पन्नास पैसे दंड, आणि नाचणाऱ्या मुली केस मोकळे सोडून फिरल्या तर 'प्रॅक्टिस आहे त्यांची' असं बाईच कौतुकाने सांगायच्या. त्या मुली वाईट नव्हत्या. त्यातली एक मला आपली भूगोलाची वही देत असे. मोठ्या माणसांनी त्यांना दिलेली सवलत त्या घेत होत्या, इतकंच. माझा रोष देणाऱ्यांवर होता, आजही आहे.

मामा जुन्या सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर तिरकं, पण एकसारखं. ऑफिसात पडून राहिलेली एक जाड पुठ्ठ्याची वही त्यांनी मागून घेतली होती आणि तिच्यावर पट्टीने रकाने आखले होते: तारीख, वेळ, नाव, तुकडी, कारण. 'कारण' हा रकाना त्यांचा स्वतःचा. शाळेने फक्त नावं मागितली होती. रोज सकाळी ऑफिसचं टपाल आणायला ते पोस्टात जात, येताना वाटेत स्टँडवर थांबत आणि कंट्रोलरच्या खिडकीत डोकावून आमच्या गाडीची चौकशी करत. आली नसेल तर किती मागे आहे ते विचारून घेत. आम्ही धापा टाकत फाटकाशी पोचलो की ते म्हणत, "नाव सांग, पोरी." नाव त्यांना ठाऊक असायचं, तरी विचारत. मग कारणापुढे लिहीत, 'एसटी, स्टँडला 11.10.'

त्यांनी आम्हाला एकदाही तसंच आत सोडलं नाही. एक मैत्रीण एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, आजच्या दिवस नका ना लिहू." ते म्हणाले, "लिहितोय म्हणून तू आलीस हे तरी कळतंय. नाही लिहिलं तर तू आलीसच नाहीस." त्या वयात आम्हाला ते कठोर वाटलं.

मामांनी आपलं स्टूल अशा कोपऱ्यावर ठेवलं होतं की तिथून दोन्ही दारं दिसत. बाजूच्या दाराने कुणी आलं की ते वही घेऊन तिकडे जात. एकदा कप्तान हसत म्हणाला, "काय मामा, मला ओळखत नाही का?" मामा म्हणाले, "ओळखतो की. म्हणून तर न विचारता लिहिलं." खेळाचे सर मध्ये पडले, "अहो, त्याचं कशाला लिहिता? परवा मॅच आहे." मामांनी लिहिता लिहिताच उत्तर दिलं, "कारणात मॅच लिहितो, सर." आवाज चढला नाही की उपहासही नव्हता. सरांना पुढे बोलायला काही उरलं नाही. मी चार हातांवर उभी होते. मोठ्या माणसासमोर, आणि तेही आपल्या वरच्या माणसासमोर, असं सरळ बोलता येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली आणि नोटीस बोर्डावर एक यादी लागली. परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते, ती ज्यांची भरत नाही त्यांची. यादीत बहुतेक आम्ही एसटीने येणारी, त्यातही मुली जास्त. ऑफिसात सांगण्यात आलं, यंदा थांबा, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा. सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षा देणं. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि चांगली सोय आहे. पण निकालाची टक्केवारी राखायची म्हणून कच्च्या वाटणाऱ्या पोरांना तिकडे ढकलायचं, ही युक्ती बऱ्याच शाळा करत. खेड्यातल्या मुलीचं एक वर्ष थांबलं की घरात काय बोलणं सुरू होतं, ते सांगायला नको. आमच्यातल्या एकीला बघायला पाहुणे येऊनही गेले होते. माझे वडील काही बोलले नाहीत. पास संपल्यावर नवा काढायचा की नाही, एवढंच आईने त्यांना विचारलं.

आमच्या वर्गशिक्षिका त्याच वर्षी बदलून आलेल्या, विज्ञानाच्या. यादी त्यांनीही पाहिली. त्या मधल्या सुट्टीत फाटकावर आल्या आणि मामांना म्हणाल्या, "तुमची वही दोन दिवस द्याल का?" मामांनी वही स्वतःच्या धोतराने पुसून त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती वही आणि हजेरीपट शेजारी ठेवून तारखा ताडून पाहिल्या. आम्ही आवारात असताना आमची गैरहजेरी लागलेली होती. आणि जी मुलं दुसऱ्या तासाला आली, किंवा आलीच नाहीत, त्यांच्या नावापुढे हजर. गुणवत्ता यादीचा तो मुलगा सहामाहीनंतर घरीच अभ्यास करत होता. पटावर तो रोज हजर होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत काय झालं, ते बाईंनी मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्यांनी एकच मागणी केली, नियम लावायचा तर या वहीप्रमाणे सगळ्यांना लावू. मग कप्तानही बसत नाही आणि तो हुशार मुलगाही नाही. मुख्याध्यापक बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. दुसऱ्या दिवशी यादी नोटीस बोर्डावरून काढली गेली. आमचे फॉर्म भरले गेले. कुणी चूक कबूल केली नाही, आम्हाला बोलावून काही सांगितलं नाही. बघायला पाहुणे आलेली ती मुलगी पास झाली, डी.एड. झाली, आज केंद्रप्रमुख आहे.

याची किंमत मामांनी मोजली. पुढच्या जूनपासून फाटकावर दुसरा शिपाई आला आणि मामांना रात्रपाळीची राखण दिली. निवृत्त होईपर्यंत ते रात्रीच कामाला होते. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला चटकन ओळखलं नाही, गाव सांगितल्यावर म्हणाले, "हां, ती पावणेदहाची." मी रात्रपाळीचा विषय काढला. ते म्हणाले, "वही खरी होती ना? मग झालं तर." मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्या पत्नीने चहा टाकला. त्यापलीकडे मला काही करता आलं नाही, आणि त्यांनी करूही दिलं नसतं.

बी.एड.ला असताना रोझेनथल आणि जेकबसन यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना सांगितलं, ही काही मुलं यंदा मोठी प्रगती करणार आहेत. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेर, विशेषतः पहिली-दुसरीत, त्या मुलांनी बुद्धिमापनात खरोखरच जास्त मजल मारली. 1968 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. मला मात्र ते वाचताना आमचं ते लहान दार आठवलं. लाडकं मूल नुसतं शिक्षेतून सुटत नाही, पहिला तास त्याला मिळतो, सरांचं लक्ष मिळतं, आपण इथले आहोत हा भरवसा मिळतो. मैदानात उभ्या असलेल्या मुलीचा पहिला तास गेला तो गेलाच. आमचा पहिला तास गणिताचा असायचा, आणि भूमितीतली काही प्रमेयं मी शिक्षिका झाल्यावर शिकले.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. हे फार मोठं काम झालं. पण शिक्षकाच्या मर्जीला कुठलं कलम अडवणार? ती आजही शाळाशाळांतून मी पाहते. स्पर्धेत बक्षीस आणणारा मुलगा मोबाइल घेऊन आला तर तो 'काढून ठेव बेटा', आणि मागच्या बाकावरचा आणतो तेव्हा पालकांना बोलावणं जातं. मीटिंगमध्ये मी हे बोलते. ते काहींना आवडत नाही.

माझ्या शाळेत फाटकावरच्या वहीत कारणाचा रकाना आहे. हजेरी मी पहिल्या तासाच्या शेवटी घेते. शिक्षकांची मुलंही त्याच वहीत लिहिली जातात. गेल्या वर्षी त्या रकान्यात दोन गावांच्या नावापुढे सारखं 'एसटी' दिसू लागलं, तेव्हा मी तारीखवार उतारा काढला, दोन्ही गावांच्या सरपंचांच्या सह्या घेतल्या आणि आगारप्रमुखांना नेऊन दिला. त्यांनी कागद पूर्ण वाचला, वाहतूक निरीक्षकांना बोलावलं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गाडी वीस मिनिटं आधी सुटू लागली.