नदी नसलेल्या नगरीतील पूर

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूर नगरीला मोठी नदी नाही. पठाराच्या माथ्यावर पडलेला पाऊस तेथून दोन अंगांनी उतरतो. पश्चिमेचे पाणी वृषभावती व अर्कावती यांच्या वाटेने कावेरीस मिळते. पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. अशा नगरीत पूर यावा, हे ऐकून कोणासही नवल वाटेल.

माथ्यावर पाणी ठरत नाही, हे जाणून पूर्वजांनी ते उतारावरच अडविले. केंपेगौडाने १५३७ साली नगर वसविले, त्या काळीही या प्रदेशात तळी बांधण्याची रीत होती. कन्नड भाषेत तळ्याला ‘केरे’ म्हणतात. वरची केरे भरली की तिचे जादा पाणी ‘राजकालुवे’ नामक मोठ्या ओढ्यातून खालच्या केरेत जाई. शेतांना पाणी सोडण्याचे काम ‘नीरगंटी’ पाहत असे.

पुढे शहर वाढले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. तळे बुजविल्याने जागा मिळाली खरी. परंतु साखळीतील एक कडी निखळली. वरून येणारे पाणी थांबले नाही, त्याचे विसाव्याचे ठिकाण मात्र गेले. त्यातच डांबर व सिमेंट यांनी जमीन झाकली गेली. पूर्वी मातीत मुरणारा पाऊस आता घटकाभरात वाहून अरुंद झालेल्या ओढ्यांत लोटतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये याचे फळ दिसले. बेलंदूर व वर्तूर तळ्यांच्या परिसरातील वसाहती बुडाल्या; रहिवाशांना नावांतून व ट्रॅक्टरवरून बाहेर काढावे लागले. त्याच दिवसांत, सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीचे पाणी शहरास पुरविणाऱ्या योजनेचे मंड्या जिल्ह्यातील पंपगृहही पुरात सापडले आणि अनेक भागांतील नळ कोरडे पडले. अंगणात पाणी, पण घागर रिकामी!

जक्कूर, कैकोंद्रहळ्ळी अशी काही तळी आता पुन्हा सजीव झाली आहेत. तथापि एकटे तळे पुरेसे नाही. दोन तळ्यांमधील ओढाही मोकळा हवा. शहरात २००९ पासून ठराविक आकाराच्या घरांना पर्जन्यजलाचा साठा करणे सक्तीचे झाले आहे. प्रत्येक कुटुंबाने छपराचे पाणी आपल्याच आवारात साठविले वा मुरविले, तर उतारावरील शेजाऱ्याच्या दारी तेवढेच पाणी कमी जाईल. डोंगरउतारावर वसलेल्या कोणत्याही शहरात शेजारधर्माचा आरंभ येथूनच व्हावयास हवा.