चिरंजीवांची दिल्ली

वाचकहो, दिल्ली पाहण्याचे प्रकार अनेक आहेत. कोणी सहलीच्या मोटारीत बसून एका दिवसात सात स्थळे उरकतो, तर कोणी हाती ग्रंथ घेऊन एकाच कबरीपाशी अख्खी सकाळ घालवितो. तिसरा प्रकार मात्र कोणत्याही मार्गदर्शिकेत आढळत नाही. सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरावे आणि तो जे विचारील त्याच्या मागे जावे. आपण किती पाहिले यापेक्षा आपल्याला किती ठाऊक नाही, याचा हिशेब या प्रकारात चोख मिळतो. गेल्या हिवाळ्यातील चार रविवार मी अशा रीतीने घालविले. त्यांचा हा वृत्तांत आहे.

आमचे बिऱ्हाड नोकरीनिमित्त दिल्लीत आहे. चिरंजीव घरात मराठी बोलतात आणि दाराबाहेर पाऊल टाकताच हिंदी. या दोन भाषांच्या सीमेवर त्यांचा मुक्काम असल्यामुळे तेथील जकात आम्हांला भरावी लागते. दिल्लीच्या मेट्रोचा पहिला मार्ग २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी असा सुरू झाला. आता तिचे जाळे शहराबाहेरही पसरले आहे. या गाडीत प्रत्येक स्थानकापूर्वी कोणत्या बाजूचे दरवाजे उघडतील याची सूचना मिळते. पहिल्याच रविवारी ‘दरवाज़े बाईं ओर खुलेंगे’ हे शब्द कानी पडताच चिरंजीवांनी चौकशी केली, “बाबा, दारे बाईकडेच का उघडतात?”

मी म्हणालो, “बाई नव्हे रे, बाईं. म्हणजे डावीकडे.”

पुढच्या स्थानकावर ‘दाईं ओर’ अशी सूचना आली. “आता दाईकडे,” चिरंजीव समाधानाने म्हणाले. “म्हणजे एकदा बाई, एकदा दाई. आणि बाबांकडे कधी उघडतात?”

समोरच्या बाकावरील एक वृद्ध गृहस्थ मोठ्याने हसले. ते नागपूरकडचे निघाले. दिल्लीत आपली भाषा कळणारा माणूस नेहमी अशाच वेळी भेटतो.

पटेल चौकात उतरून आम्ही जंतरमंतरला गेलो. जयपूरच्या सवाई जयसिंहाने ही वेधशाळा १७२४ मध्ये उभारली. पुढे त्याने जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही अशा वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची आज उरलेली नाही. येथील सर्वांत मोठे यंत्र म्हणजे सम्राटयंत्र. सुमारे २१ मीटर उंचीची ही तिरपी भिंत दुरून आकाशात जाणाऱ्या जिन्यासारखी दिसते. तिचा कल दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे साडेअठ्ठावीस अंशांहून थोडा अधिक ठेवला आहे, त्यामुळे तिची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. दोन्ही बाजूंच्या कमानदार पट्ट्यांवर तिची सावली सरकते आणि वेळ सांगते.

“हे घड्याळ आहे?” चिरंजीवांनी संशयाने विचारले. “मग काटे कुठे आहेत?”

“सावली हाच काटा.”

“आणि रात्री?”

“रात्री हे घड्याळ झोपते.”

“मग सकाळी उठल्यावर किती वाजले ते त्याला कोण सांगते?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा होता, परंतु विचार करता त्यातच साऱ्या घड्याळांचे मर्म आहे. माझ्या मनगटावरील घड्याळ बंद पडले, तर त्याला दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागते. सूर्याच्या घड्याळाला ते कधीच करावे लागत नाही. इतके मोठे बांधण्याचे कारणही मी सांगितले. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात आणि त्यांवर बारीक खुणा करता येत नाहीत. म्हणून जयसिंहाने चुन्याविटांची अवाढव्य यंत्रे उभारली. शाळेतल्या पट्टीवर दोन आकड्यांच्या मध्ये बारीक रेघा असतात. पट्टी जितकी मोठी तितक्या रेघा अधिक, एवढे चिरंजीवांना पटले.

मात्र एक अडचण निघाली. माझ्या घड्याळात अकरा वाजले होते आणि सावली साडेदहाच्या आसपास रेंगाळत होती. राजाचे घड्याळ मागे पडले असा निर्णय तत्काळ झाला. वास्तविक मागे कोणीच नव्हते. आपली भारतीय प्रमाणवेळ पूर्व रेखांश साडेब्याऐंशीवरून धरलेली आहे आणि दिल्ली त्याच्या पश्चिमेस आहे. म्हणून येथे सूर्य सुमारे २१ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. जानेवारीत पृथ्वीच्या भ्रमणातील फरकामुळे त्यात आणखी काही मिनिटांची भर पडते. मुंबईची स्थानिक वेळ तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि १९०६ साली प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईत ती १९५५ पर्यंत काही ठिकाणी पाळली जात असे. हे ऐकून चिरंजीवांचा चेहरा उजळला. “म्हणजे मुंबईचे आजोबा नेहमी उशिरा येतात, ते उशिरा नसतातच!” एका वयोवृद्ध गृहस्थाची कलंकमुक्ती अशी खगोलशास्त्राच्या साहाय्याने झाली.

दुसऱ्या रविवारी कुतुबमिनार गाठला. साडेबहात्तर मीटरांचा तो मिनार सोडून चिरंजीव लोहस्तंभापाशी थबकले. सात मीटरांहून थोडा अधिक उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा आहे. त्यावरील लेखात ‘चंद्र’ नावाच्या राजाची कीर्ती कोरली आहे. हा राजा म्हणजे गुप्त घराण्यातील दुसरा चंद्रगुप्त होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

“आपल्या गच्चीचा कठडा दोन पावसाळ्यांत गंजला. हा का नाही गंजला?”

या प्रश्नावर धातुशास्त्रज्ञांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनाने असे दाखविले की, या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, चिवट थर तयार झाला आणि त्यानेच आतील लोखंड राखले. चिरंजीवांनी विचारले, मग कठड्याच्या लोखंडात फॉस्फरस का घालत नाहीत? मी सांगितले की, फॉस्फरसने लोखंड ठिसूळ होते, म्हणून आजचे कारखानदार तो काढून टाकतात. जुन्या भट्ट्यांत तो निघत नसे, म्हणून राहिला.

“म्हणजे ते चुकून शहाणे झाले?”

मी ‘हो’ म्हणालो नाही आणि ‘नाही’ही म्हणालो नाही. एवढा मोठा स्तंभ लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून आणि जोडून घडविणारे लोहार चुकून शहाणे नव्हते, हे तर खरेच. परंतु आपल्या हातून झालेले काम किती शतके टिकेल, हे त्यांनाही ठाऊक नसावे. स्तंभाभोवती १९९७ पासून कुंपण आहे. पूर्वी लोक स्तंभाला पाठ लावून मागे हात नेत. ज्याचे हात एकमेकांस भिडतील तो भाग्यवान, अशी समजूत होती. “लांब हाताच्या माणसाचेच भाग्य चांगले असते का?” असे चिरंजीवांनी विचारले. आयुष्यभर कचेरीत काम केलेल्या मनुष्याने या प्रश्नाचे उत्तर मुलाला इतक्या लहानपणी देऊ नये. मी त्यांना गजक घेऊन दिली.

तिसऱ्या रविवारची हकिकत थोडक्यात सांगतो. चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले. तेथे पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी आहे. १९०७ साली सुरू झालेल्या या गाडीचा बहुतेक भार एकाच रुळावर असे आणि तोल सावरणारे मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून धावे. मी हे तपशीलवार समजावू लागलो, तोच चिरंजीव म्हणाले, “कळले. ही गाडी लंगडी खेळते, पण पडू नये म्हणून काठी टेकते.” माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाची आवश्यकता उरली नाही.

आता चौथ्या रविवारकडे वळतो. खरे म्हणजे त्याच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

धुके विरळ होताच आम्ही लाल किल्ल्यात शिरलो. शाहजहानने १६३९ मध्ये आरंभिलेले हे बांधकाम १६४८ मध्ये पुरे झाले. छत्ता चौकातील बाजार आणि नौबतखाना ओलांडून, दिवाण-ए-आम मागे टाकीत आम्ही दिवाण-ए-खासपाशी आलो. येथील संगमरवरी खांबांत रंगीत दगडांची फुले जडविली आहेत. मधून एक पाट जातो, त्यातून पूर्वी यमुनेचे पाणी खेळत असे. मी मयूरासनाची कथा सांगितली आणि १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा ते कसे घेऊन गेला, हेही सांगितले.

“न विचारता?”

“न विचारता. लुटारूच होता तो.” माझ्या आवाजात, कबूल करतो, थोडी ऐट होती.

चिरंजीवांनी मान वर केली. “आणि वर काय होते?”

“वर चांदीचे छत होते.”

“ते कोणी नेले?”

वाचकहो, मला उत्तर ठाऊक होते. प्रत्येक मराठी माणसाला ते कधी ना कधी कळते आणि कळल्यावर तो विषय बदलतो. मीही ‘कोणी तरी नेले असेल’ असे म्हणणार होतो. परंतु शेजारी एक मार्गदर्शक प्रवाशांच्या घोळक्याला हिंदीतून तेच सांगत होता. चिरंजीवांचे हिंदी माझ्याहून चांगले आहे. त्यांनी माझा हात ओढला. “बाबा, मराठे म्हणजे आपणच ना?”

मग मला सर्व सांगावे लागले. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पुण्याहून पैसा पुरेसा येत नव्हता. फौज मोठी होती, बरोबर यात्रेकरू आणि बायकामुलेही होती. माणसे व जनावरे उपाशी राहण्याची वेळ आली होती. तेव्हा भाऊंनी या दालनाचे चांदीचे छत काढवून आटविले आणि नाणी पाडली. जुन्या वृत्तांतांत नऊ लाख रुपयांचा आकडा येतो. बरोबर असलेल्या भरतपूरच्या सूरजमल राजाला हे कृत्य मानवले नाही, असेही इतिहासकार सांगतात.

“सैनिकांना भूक लागली होती रे,” मी म्हणालो.

चिरंजीव क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, “मग नादिरशहाच्या सैनिकांनाही भूक लागली असेल.”

त्या दालनात दरबारी सरदारांनी पुष्कळ अवघड प्रश्न ऐकले असतील. परंतु मला त्या वेळी तोंड लपविण्यास एकही खांब पुरेसा रुंद वाटला नाही. दोघांची गोष्ट एक नव्हे. एक लुटून मायदेशी गेला. दुसरा ज्या युद्धासाठी पैसा जमवीत होता त्यातच मेला. हे सर्व मी सांगू शकलो असतो. परंतु मुलाने मला कारण विचारले नव्हते. ज्या मापाने परक्याला मोजले, त्याच मापाने आपल्या माणसाला मोजणार का, एवढेच तो विचारीत होता. परवाच त्याने शेजाऱ्यांची पतंगाची फिरकी न विचारता आणली होती, आणि ‘थोडा वेळच हवी होती’ हे त्याचे कारण मी ऐकून घेतले नव्हते.

मी म्हणालो, “भाऊ शूर होते. आणि छत काढले ते चूक झाले. दोन्ही खरे आहे.”

“चांदी पुरली का त्यांना?”

“नाही पुरली.”

चिरंजीवांनी मान हलविली आणि पाटाच्या कडेने चालू लागले. त्यांचा भाऊंविषयीचा आदर कमी झाल्याचे मला दिसले नाही. माझ्याविषयीचा मात्र, बहुधा, थोडा वाढला. मुलांपुढे आपले पूर्वज निर्दोष ठेवावेत असे आपल्याला वाटते; त्यामागे बहुधा स्वतः निर्दोष दिसण्याची हौस असते. मुलांना निर्दोष माणसांशी फारसे कर्तव्य नसते. सांगितलेले खरे असावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

रात्री पुण्यास आजीला दूरध्वनी झाला. “आजी, लाल किल्ल्याची चांदी आपण नेली. पण आपल्याला भूक लागली होती.”

पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आजी म्हणाली, “तरी विचारून घ्यायची होती हो.”

येत्या रविवारी चिरंजीवांना पानिपत पाहावयाचे आहे. दिल्लीपासून ते सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. छत उतरविल्यानंतर पाचच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, भाऊंची फौज तेथे लढली. डब्यात दशम्या आणि भाजलेले शेंगदाणे न्यावयाचे, हे ठरले आहे. काल निजताना त्यांनी विचारले, “बाबा, तिथून आपण काय आणले?”

मी दिवा मालविला आणि म्हणालो, “तेथून काही आणले नाही रे. तेथे ठेवून आलो.”

“काय?”

ते तेथे गेल्यावर सांगेन, असे मी वचन दिले आहे.