नोव्हायच्या चिकडी

नोव्हायला आलं की टोलरस्त्यावरच्या सहाव्या ठाण्याची, ‘नंबर व्ही-आय’ची गोष्ट ऐकायला मिळतेच. गोष्ट झकास! पण गावाचं नाव १८३२ सालचं, टोलरस्ता नंतरचा.

सुरुवातीला नोव्हाय म्हणजे आमच्या लेखी ऑफिस, ट्वेल्व्ह ओक्स मॉल आणि थंडीत बर्फ उपसणं. पुण्यात असताना आम्ही दुर्बीण घेऊन भल्या पहाटे कवडीपाट गाठायचो. एम.एस.ला निघताना बॅगेचं वजन भरलं आणि दुर्बीण राहिली मागे. छंदही तिच्याबरोबर माळ्यावर गेला.

मग एका हिवाळ्यात आई आली. दारात बर्फ, ओळखीचं कुणी नाही. रोज कालनिर्णयवर परतीचे दिवस मोजायची. एका शनिवारी तिला आय-९६ने पश्चिमेला केन्सिंग्टन मेट्रोपार्कला नेलं. तिथल्या पायवाटेवर तळहातावर सूर्यफुलाच्या बिया धरून ती उभी राहिली. काळी टोपी, पांढरे गाल, वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. एक चिकडी सरळ हातावर येऊन बसली!

हा पक्षी थंडीत दक्षिणेला पळत नाही. सालीच्या फटींतून एकेक बी दडवतो आणि जागा लक्षात ठेवतो. हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे इथलाच संसार आहे हो हिचा!”

कालनिर्णय मागे पडलं. दर शनिवारी आईच आधी बूट घालून तयार. आम्हीही नवी दुर्बीण घेतली.

तर मंडळी, येत्या थंडीत जरूर जा. बिया बिनमिठाच्या न्या, हात स्थिर ठेवा आणि क्रौंच समोर आले तरी त्यांना काही घालू नका.