थोडक्यात हुकलं

अमेरिकेत लिंकनला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घरमालक आजोबांनी विचारलं, "फुटबॉल बघतोस का?"

मी कोल्हापूरचा. पंढरपूरच्या माणसाला विठोबा माहीत आहे का, असं विचारल्यासारखं झालं ते. शाहू स्टेडियम, तालमींचे संघ, एका पेठेचा दुसऱ्या पेठेवरचा राग, गॅलरीत बसून पंच आणि प्रशिक्षक या दोघांचाही उद्धार करणारा माझा मामा, सगळं मी त्यांना उत्साहाने सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. पण ते सॉकर झालं. शनिवारी गॅरेजमध्ये ये."

2021चा ऑगस्ट होता. मी नेब्रास्का विद्यापीठात कृषिविद्येत पीएचडी करायला गेलो होतो आणि या म्हाताऱ्या जोडप्याच्या तळघरात भाड्याने राहत होतो. आजोबांनी जन्मभर मका पिकवला. आता शेती मुलाकडे. गॅरेजमध्ये एक जुना टीव्ही, सात-आठ घडीच्या खुर्च्या आणि आजींनी केलेल्या चिलीचं मोठं पातेलं. चिली म्हणजे खिमा घातलेली राजम्याची आमटीच म्हणा. तिच्यासोबत ही माणसं दालचिनीचा गोड रोल खातात. मी पहिल्यांदा तो बाजूला ठेवला, नंतरसाठी. आजींनी तो उचलून परत आमटीशेजारी ठेवला.

त्या शनिवारी मोसमातला पहिला सामना इलिनॉयशी होता आणि नेब्रास्का 30-22 असं हरलं. मला खेळ फारसा कळला नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमणार असं वाटलं तर चेंडू लांब लाथाडून समोरच्याला द्यायचा, त्या लाथेला पंट म्हणायचं, एवढंच समजलं. पण सामना संपल्यावर जे सुरू झालं ते मात्र मला पहिल्या मिनिटापासून कळलं. भाषा इंग्रजी होती, गाव दुसरं होतं, बाकी सगळं आमच्या पेठेच्या कोपऱ्यावरचंच. कोचला ठेवायचं की हाकलायचं?

हा कोच म्हणजे स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्कातल्याच वुड रिव्हर नावाच्या छोट्या गावात वाढलेला, 1997 साली याच विद्यापीठाचा क्वार्टरबॅक म्हणून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला. नंतर फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाचा संघ त्याने अख्ख्या मोसमात एकही सामना न हरता नेला. 2017च्या अखेरीस त्याला घरी बोलावलं, सात वर्षांचा साडेतीन कोटी डॉलरचा करार केला. वनवास संपून राम अयोध्येला आला, अशी राज्याची भावना. आणि मग चार जय, आठ पराजय. पुढच्या वर्षी पाच-सात. करोनाच्या वर्षी तीन-पाच. आता हे चौथं वर्ष.

गॅरेजमध्ये तीन पक्ष होते. आजोबा धीर धरणाऱ्यांचे. त्यांचा जावई हाकलणाऱ्यांचा. आणि शेजारच्या निवृत्त गणिताच्या बाई, ज्यांचा कुठल्याच पक्षावर विश्वास नव्हता. त्या वहीत सगळं टिपून ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "किक. आपण किकवर हरतो."

बाईंचं म्हणणं मला पुढे पटत गेलं, कारण त्या वर्षी लाथेचा संबंध आला की काहीतरी विपरीत घडायचंच. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची साधी एका गुणाची किक अडवली गेली आणि समोरच्यांनी तोच चेंडू दुसऱ्या टोकाला नेऊन उलट दोन गुण मिळवले. सामना 23-16. मिशिगन स्टेटविरुद्ध पंट एका बाजूला मारला, अडवणारी पोरं दुसऱ्या बाजूला धावली; चेंडू झेलणाऱ्याला मोकळं रान मिळालं. बरोबरी झाली, जादा वेळेत 23-20 पराभव. बाईंनी वहीत त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

मिशिगनचा सामना मी स्टेडियममध्ये पाहिला. आजोबांच्या एका मित्राचा गुडघा दुखत होता, त्याचं तिकीट मला मिळालं. मेमोरियल स्टेडियममध्ये 1962पासून एकही सामना असा झालेला नाही की तिकिटं शिल्लक राहिली. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर, असं तिथे जो तो सांगतो, आणि आत शिरल्यावर ते पटतं. नुसतं लाल. नेब्रास्काने पहिले गुण मिळवले की हजारो लाल फुगे आकाशात सोडायची तेव्हा पद्धत होती. त्या रात्री पूर्वार्ध संपला तेव्हा 13-0 असे आम्ही मागे. माणसं फुगे हातात धरून बसलेली. आजोबा मधल्या सुट्टीत फुग्याची दोरी मनगटाला बांधून हॉट डॉग खात होते.

उत्तरार्धात फुगे सुटले. आणि काय सांगू, 29-26 अशी आघाडी झाली तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली होती. मग 29-29. मग आमच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू ओढून घेतला गेला आणि मिशिगनने फिल्ड गोल मारला. 32-29.

माणसं उठली; मला वाटलं, आता चपला उडणार. त्याऐवजी मिशिगनची पोरं मैदानाबाहेर जाताना आमच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ही तिथली जुनी रीत आहे म्हणे. समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवणारा हरलेल्या बाजूचा माणूस मी शाहू स्टेडियमवर अजून पाहायचाय. पण टाळ्या वाजवून गाडीत बसल्यावर आजोबांच्या जावयाने जी तोफ सुरू केली ती घरापर्यंत थांबली नाही. टाळ्या पाहुण्यांसाठी होत्या, कोचसाठी नव्हत्या.

घरी येऊन मामाला फोन केला. तिकडे रविवार सकाळ. "किती नं हरलाय?" त्याचा पहिला प्रश्न.

"तीननं."

"आरं द्येवा. म्हंजी आता धा दिवस डोक्यातनं जायचं न्हाई."

तो पुढे म्हणाला ते मी तेव्हा नुसतं ऐकून सोडलं. म्हणाला, पाच गोल खाल्ले की पेठ गप झोपते. एका गोलनं हरली की पहाटेपर्यंत कट्टा जागा.

सोमवारी माझं मातीचं प्रात्यक्षिक असायचं, पदवीच्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. वर्गात संघातलाच एक मुलगा होता. शिष्यवृत्ती नसताना आपल्या हिमतीवर संघात शिरलेली गावाकडची पोरं ही नेब्रास्काची जुनी शान, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. हा त्यातला, मैदानात क्वचितच उतरणारा. त्या सोमवारी वर्गात कोणी फुटबॉलचं नावही काढलं नाही, आणि वीस-बावीस मुलं एखादी गोष्ट बोलत नाहीत तेव्हा ती किती मोठ्याने ऐकू येते! तो शेवटपर्यंत थांबला. मला वाटलं, काही बोलेल. त्याने विचारलं, "ओलावा काढायला नमुने ओव्हनमध्ये किती वेळ?" मी सांगितलं, 105 अंशावर 24 तास. त्याने लिहून घेतलं आणि गेला.

नोव्हेंबरात ओहायो स्टेटकडून 26-17 असा पराभव झाला आणि दोन दिवसांनी विद्यापीठाने जाहीर केलं की फ्रॉस्ट पुढच्या वर्षीही राहणार. पगार 50 लाख डॉलरवरून 40 लाखांवर. आक्रमणाची बाजू सांभाळणारे चार सहाय्यक मात्र घरी. जावई उसळला. "2003 साली सोलिचला नऊ जिंकून काढलं! 2014 साली पेलिनीला नऊ जिंकून काढलं! आणि हा तीन जिंकून राहतो?"

आकडे खरे होते. पण आजोबांकडे हुकमाचा एक्का होता, टॉम ऑसबर्न. 1973 ते 1997 कोच, 255 विजय, तीन राष्ट्रीय विजेतेपदं. "आणि पहिलं विजेतेपद कधी? 1994. बाविसाव्या मोसमात! माणसाला वेळ द्यावा लागतो."

स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाल्या, "पहिली पाच वर्षं तो ओक्लाहोमाकडून हरला तेव्हा तू काय म्हणायचास, सांगू का?"

आजोबा टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

"ह्याला ओक्लाहोमालाच विकून टाका म्हणायचास. ट्रॅक्टरवरून ओरडायचास. मी कपडे वाळत घालताना ऐकलंय."

त्या दिवशी प्रथमच जावई आणि शेजारच्या बाई एका बाजूला हसले.

शेवटचा सामना आयोवाशी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी. 21-6 अशी आघाडी. मग पंट अडवला गेला, त्यावरच आयोवाचा टचडाउन, आणि ओळीने 22 गुण देऊन 28-21. बाईंनी लाल पेनाचं टोपण न लावताच वही मिटली. वर्षाचा हिशेब तीन जय, नऊ पराजय. आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी.

त्या डिसेंबरात मी बाईंची वही मागून घेतली. मला आकडेमोडीचा नाद आहे. रात्री उलटून पाहताना मामाचं बोलणं आठवलं. या वहीतून आजोबांना हवं ते निघत होतं: संघ चांगला आहे, बलाढ्यांच्या तोडीस तोड खेळतो, एक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर. जावयालाही हवं ते निघत होतं: चांगला संघ असून नऊदा हरतो, म्हणजे दोष डोक्यात आहे. बाईंची किक तर पानापानावर. संघ तीस-तीस गुणांनी हरला असता तर तिघांपैकी दोघांना हार मानावी लागली असती. थोडक्यात हरल्यामुळे कोणालाच मानावी लागली नाही. त्या वर्षी नेब्रास्कात वाद संपत नव्हता तो याच कारणाने, आणि मला वाटतं कोच वाचला तोही याच कारणाने.

पुढचा मोसम डब्लिनला सुरू झाला, म्हणजे आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्टने अचानक आखूड किक मारायला लावली, चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून. मिळाला नाही. 31-28. बाईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नसारख्या लहान संघाने 45-42 असं हरवलं. शेवटच्या क्षणी बरोबरी करू शकणारा लांबचा फिल्ड गोल हुकला. अर्थात किकच.

दुसऱ्या दिवशी, 11 सप्टेंबरला, फ्रॉस्ट गेला. चार वर्षं आणि तीन सामन्यांत 16 जय, 31 पराजय. करारात अट अशी होती की 1 ऑक्टोबरपर्यंत थांबलं तर नुकसानभरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार. तीन आठवडे! चार वर्षं ज्याला हाकला म्हणून जावयाने गॅरेज डोक्यावर घेतलं, तोच आता म्हणत होता, "थांबायचं होतं ना तीन आठवडे." आणि आजोबांनी मक्याचा त्या महिन्याचा भाव धरून हिशेब केला, वाचलेल्या पैशात दहा लाख बुशेलांहून जास्त मका आला असता. पण म्हणाले, "बरं झालं. रोज बघवत नव्हतं." मग बराच वेळ ते घडीची एक बिघडलेली खुर्ची दुरुस्त करत बसले. त्या पोराला त्यांनी 1997मध्ये खेळताना पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा लिंकनला आलं. हंगामी कोच, नवा उत्साह, पहिला टचडाउन आमचा. त्यानंतर ओक्लाहोमाने थांबायचं नावच घेतलं नाही. मधल्या सुट्टीत आजींनी पातेलं घासायला घेतलं. बाईंची वही उघडलीच नव्हती. जावई मुलाला सायकल शिकवायला बाहेर गेला. सामना संपेपर्यंत गॅरेजमध्ये मी आणि आजोबा दोघंच उरलो, आणि ते मला बागेतल्या टोमॅटोवर पडलेल्या डागांबद्दल विचारत होते.

रात्री मामाचा फोन आला. तिकडे उजाडलं होतं.

"किती नं?"

"पस्तीसनं. 49-14."

"मग झ्याक," मामा म्हणाला. "आज झोप लागंल तुमास्नी."